भाग न जाणारे अण्णा

आमची पहिली भेट झाली तेव्हा अंकम अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. ते माझ्या स्कूटरच्या नंबर प्लेटकडे बघत होते. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या या कॉलनीत आम्हाला येऊन जेमतेम दुसरा दिवस. शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यावी म्हणून मी हात जोडले, नाव सांगितलं, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालोय हेही सांगितलं. अण्णांनी ते सगळं वाया जाऊ दिलं. त्यांचे ओठ हलत होते. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी प्लेटवर टेकवली आणि घरात कुणी आजारी असल्यासारख्या आवाजात म्हणाले,

"चार हजार तीनशे एकोणनव्वद. भाग जातो, सर."

"जाऊ दे की," मी म्हणालो.

"जाऊ दे कसं? तिनानं जातो, सातानं जातो, अकरानं जातो, एकोणिसानं जातो. चौघंजण वाटून घ्यायला बसलेत तुमच्या गाडीला. जपून चालवा. अंते!"

'अंते' म्हणजे तेलुगूत 'बस, इतकंच'. कोर्टात निकाल वाचून झाल्यावर न्यायाधीश उठतात, तसे अण्णा 'अंते' म्हणून उठतात. त्यानंतर तुम्ही काहीही बोलला तरी ते कामकाजात धरलं जात नाही.

राजय्या अंकम हे त्यांचं पूर्ण नाव. आडनावातच अंक, तेव्हा दोष कुणाला द्यायचा? उंची बेताची, पांढरा हाफ शर्ट, खाली लुंगी, आणि कानावर पेन्सिल. ही पेन्सिल लग्नात, मयतीत, देवळात कुठेही उतरत नाही. घरात ते आणि त्यांची मुलगी रेणुका, दोघंच. रेणुका दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. दिवसभर शेकडो लोकांना गोळ्या मोजून देऊन ती घरी येते, आणि घरी येऊन बघते तर वडील आकडे फोडत बसलेले असतात.

अण्णा उभा जन्म चादरींचे डिझाइनर होते. सोलापुरी चादर तुम्ही पांघरली असेल, पण तिच्यावरचा मोर आधी कुणीतरी ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढतो, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात आणि ती कार्डांची माळ मागावर चढते, हे मला साठीपर्यंत ठाऊक नव्हतं. अण्णांनी ते मला गेटमध्ये उभं राहून समजावलं. चादरीच्या रुंदीत जेवढे धागे, त्यांना मोराच्या धाग्यांनी नीट भाग गेला पाहिजे. बाकी उरली की काठाशी मोर कापला जातो.

"अर्धा मोर गिऱ्हाईक घेत न्हाई, सर," अण्णा म्हणाले. "म्हणून जन्मभर मी भाग पाडत आलो. स्वप्नातबी भागाकार. रिटायर झालो त्या दिवशी ठरवलं, आता ज्याला भाग जात न्हाई त्याच्याशीच दोस्ती."

अशा आकड्याला गणितात मूळ संख्या म्हणतात. एक आणि तो स्वतः, एवढं सोडून त्याला कशानंही भाग जात नाही. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, असे ते पुढे चालत राहतात. गणितात मी कायम पस्तीस मार्कांचा धनी, त्यामुळे या गोष्टी माणसाच्या पोटापाण्याशी कुठे येतात हे मला कधी कळलं नव्हतं. अण्णांच्या शेजारी राहिल्यावर कळलं. ते ताटात येतात. अण्णा दोन भाकरी खातात, तीन खातात, लग्नाच्या पंगतीत पाच खातात, पण चौथीवर कधी थांबत नाहीत. हातगाडीवर भाजी विकणारी महादेवी त्यांना न विचारता सात किंवा अकरा वांगी मोजते. एकदा तिनं प्रेमानं एक वांगं वर घातलं तर अण्णांनी ते परत केलं.

"अकरा चांगली भली बसली होती," ते म्हणाले, "तू बारावं घालून सगळ्यांचं नाव घालवलंस."

माझ्या एकोणसाठाव्या वाढदिवसाला अण्णा पेढे घेऊन आले. मी हरखलो. साठाव्याला, सगळे हारतुरे घेऊन आलेले असताना, अण्णांनी सांत्वनाला आल्यासारखा माझा हात हातात घेतला. "साठ म्हंजे धर्मशाळा, सर," ते म्हणाले. "दोन येतो, तीन येतो, पाच येतो, बारा येतो, कुणीबी येतं आणि भाग लावून जातं. एक वर्ष सोसा. एकसष्टाला मी येतो." आणि खरोखर एकसष्टाला पुन्हा पेढे आले. एक्कावन्न आणि एक्क्याण्णव या दोघांवर त्यांचा विशेष राग. "दिसायला किती सोज्वळ! कुणाला वाटेल मूळ हायेत. पण सतरा त्रिक एक्कावन्न आणि तेरा सत्ते एक्क्याण्णव. लबाड लेकाचे."

पण या सगळ्या आकड्यांच्या वर एक आकडा होता. ते अण्णांचं कुलदैवतच म्हणा. एका संध्याकाळी त्यांनी मला ओट्यावर बसवलं, खडूनं फरशीवर लिहिलं ७३९३९१३३, आणि मोठ्यानं वाचलं, "सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. मूळ हाय."

"असेल," मी म्हणालो.

"असेल न्हाई. भागून बगितलंय. साडेआठ हजाराच्या थोडं पुढपर्यंत जेवढ्या मूळ संख्या हायेत तेवढ्या सगळ्यांनी. तिथंपर्यंत कुणी सापडलं न्हाई की पुढं सापडत न्हाई, कारण पुढं जोडीला जोड लावली की आकडाच ओलांडून जातो. आता बगा." त्यांनी अंगठ्यानं शेवटचा तीन पुसला. "आता उरलं ते?"

"काय?"

"मूळ!" पुन्हा अंगठा. "आता?"

"मूळ?" मी भीत भीत म्हणालो.

"मूळ!" असं करत करत ते मागून एकेक अंक पुसत गेले आणि दर वेळी माझ्याकडून 'मूळ' म्हणवून घेत राहिले. ७३९३ मूळ, ७३९ मूळ, ७३ मूळ. फरशीवर नुसता सात उरला. "सातबी मूळ. किती छाटा, उरलेला अखंड. आणि असा ह्याच्याहून मोठा आकडा न्हाईच. ह्याच्या मागं एक लावा, तिनानं भाग जातो. सात लावा, नवानं जातो. तीन आणि नऊ लावून बगितलं, तितंबी कुणीतरी मोठा भाजक दडून बसलेला. बाकीचे तर बोलायलाच नकोत. घर भरलं. ह्याच्या पुढं आता कुणी बसत न्हाई. अंते!"

मला कुठून दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी खिशातला मोबाइल काढला आणि आकडा घातला. पापणी लवायच्या आत फोननं 'मूळ' म्हणून सांगितलं. मला वाटलं अण्णा खूश होतील. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "त्या मशीनला भागताना त्रास झाला का? न्हाई ना? मग त्याला काय कळलं?" कुठल्या तरी देशात कोट्यवधी अंकांची मूळ संख्या सापडली, ही बातमी मी त्यांना तह म्हणून वाचून दाखवली. अण्णांनी शांतपणे ऐकली. "लांबी लई हाय," ते म्हणाले. "पण शेपूट छाटून बगा म्हणावं."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण रेणुकेला स्थळं यायला लागली आणि अण्णांचा आकडा लोकांच्या आड यायला लागला.

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना अण्णा पाण्याच्या आधी मुलाचा मोबाइल नंबर विचारत. पाहुण्यांना वाटे, पुढचं बोलणं फोनवर होणार असेल. ते आनंदानं सांगत. अण्णा कानावरची पेन्सिल काढत, अंकांची बेरीज करत आणि मान हलवत. एक मुलगा पुण्यात मोठ्या पगारावर होता. तो अकरानं गेला. एक मंगळवेढ्याचा, स्वतःचं दुकान, स्वभावानं गरीब गाय. अंकांची बेरीज पंचेचाळीस आली. "नवानं भाग जातो," अण्णांनी आतल्या खोलीत येऊन सांगितलं. मध्यस्थ म्हणून मी तिथेच होतो. "असल्या माणसाला कुणीबी वाटून घेईल, सर. माझ्या पोरीला काय उरणार?"

"अहो, तो सिमकार्डाचा नंबर आहे! त्यात त्या पोराचा काय दोष?"

"नंबर घेताना बगून घ्यायला नको?"

रेणुका दारात उभी होती. तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही प्या. ते आता उठतीलच." आणि पाहुणे खरंच उठले.

कॉलनीनं अण्णांना वेडा ठरवून टाकलं होतं आणि मीही त्यात होतो. आमच्या घरात मात्र हिचं मत वेगळं पडलं. "वेडबीड काही नाही," ही म्हणाली. "मुलगी गेल्यावर त्या घरात कोण राहणार ते सांगा. माणसाला सरळ रडता येत नाही, म्हणून आकड्यांचं सोंग." मी म्हणालो, तुला प्रत्येक वेडात दुःख दिसतं. ही म्हणाली, तुम्हाला कशातच काही दिसत नाही. तो वाद तिथेच राहिला.

मग सतीश आला. तो रेणुकेनं स्वतः निवडलेला. मूळचा सोलापूरचाच, त्यांच्याच समाजातला, अकलूजला साखर कारखान्यात केमिस्ट. मुलगा मला पाहताक्षणी आवडला. अण्णांनी नंबर विचारला. त्यानं सांगितला. शेवटचा अंक चार. बेरजेचीही गरज पडली नाही.

"दोननं?" अण्णा किंचाळले. "दोननं भाग जातो?" पोरगा दारू पिऊन सापडला असता तरी त्यांचा आवाज एवढा चढला नसता.

सतीश केमिस्ट होता, त्यामुळे त्याला प्रयोगाची सवय होती. पुढच्या आठवड्यात तो नवं सिमकार्ड घेऊन हजर झाला. दुकानात बसून, त्यांच्याकडचे नंबर एकामागून एक तपासून, त्यानं आणि रेणुकेनं एक मूळ संख्या शोधून काढली होती. दुकानदाराला वाटलं, ज्योतिषाचं काही असेल.

"फोनवर तपासलंय, नान्ना," रेणुका वडिलांना म्हणाली.

"फोनचं मला सांगू नको. मी हातानं भागणार."

दहा अंकी आकडा हातानं तपासायचा म्हणजे लाखापर्यंतच्या मूळ संख्यांनी एकेक करून भागत जायचं. अण्णांनी ग्राफचे जुने कागद बाहेर काढले आणि बैठक मारली. दिवाळी झाली. सिद्धेश्वरांची जत्रा आली, गड्ड्याच्या मैदानावर पाळणे लागले आणि उतरले. अण्णा भागतच होते. मी अधूनमधून विचारायचो, "काय, गेला का भाग?" आणि ते मान हलवायचे. पुढे पुढे माझ्या लक्षात यायला लागलं की त्या मान हलवण्यात आनंद नाही. आजवर मूळ संख्या सापडली की हा माणूस पेढे वाटायचा. आता प्रत्येक भागाकारात बाकी उरली की त्यांचा चेहरा उतरायचा. या एका आकड्याला कुठूनतरी भाग जावा म्हणून ते झटत होते.

घरी हिला हे मी सांगितलं नाही. तिनं 'मी म्हटलं नव्हतं का' म्हटलं असतं.

शेवटी रेणुकेनंच तोड काढली. "नान्ना, तुम्ही भागत बसा," ती म्हणाली. "मी तारीख काढलीय." अण्णांनी तिच्याकडे बघितलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि कागद गोळा केले. वाटलं होतं तेवढा आरडाओरडा झाला नाही. नंतर दोन दिवस त्यांच्या ओट्यावर कुणी दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. समोर नवा ग्राफचा कागद होता. त्यावर लाल पेन्सिलीनं चौकोन भरून त्यांनी चादर काढली होती. वरच्या टोकाला ओळीत ७३९३९१३३. खालच्या ओळीत सातच अंक, त्याखाली सहा, असं कमी कमी होत चादरीच्या मधोमध एकटा सात. त्याच्याखाली काही नाही. कोरी चादर.

"लग्नात पोरीला देणार," अण्णा म्हणाले.

"अण्णा, एखादा मोर तरी काढा."

"सर, हे आमचं घर हाय." त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "आठ जण होतो आमी. आई-बाप, दोन भाऊ, बहीण, बायको, ही पोरगी आणि मी. एका चुलीवर जेवत होतो. बहीण लगीन होऊन गेली." अंगठा शेवटच्या तिनावर आला. "कारखाना बंद पडला, मग भाऊ भिवंडीला गेले, एकामागं एक. मग बाप. मग आई. मग पोरीची आई. दर खेपेला मला वाटायचं, आता मोडलं घर. मग हा आकडा आठवायचा. छाटलं तरी उरलेलं मूळ. त्यावर दिवस काढले, बगा."

एकेक अंक त्यांच्या हाताखाली झाकत गेला होता. पहिल्या ओळीत आता ७३ एवढंच उघडं होतं.

"आता हा तीनबी चालला," अण्णा म्हणाले. "सात राहतो. सातबी मूळच हाय की. काय काळजी न्हाई."

त्यांनी 'अंते' म्हटलं, पण ते कुठल्याच निकालासारखं वाटलं नाही. मी घरी येऊन हिला सगळं सांगितलं. 'मी म्हटलं नव्हतं का' असं ती म्हणाली नाही. उठून त्यांच्याकडे आमटी नेऊन दिली.

चादर विणायचं काम रफिकभाईकडे गेलं. हा अण्णांच्या हाताखाली शिकलेला, आता त्याचे स्वतःचे दोन माग. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तो चादर खांद्यावर टाकून आला. रेणुकेनं आणि मी दोन टोकं धरून ती हॉलमध्ये पसरली. अण्णा वरच्या टोकापासून वाचत खाली आले, आठ, सात, सहा, पाच, आणि मधल्या एकट्या सातापाशी पोचून तिथेच थांबले. कारण त्याच्याखाली चादर कोरी नव्हती. साताच्या खाली पुन्हा सात होता, त्याखाली दोन अंक, मग तीन, मग चार, असं वाढत वाढत खालच्या टोकाला पुन्हा आठच्या आठ अंक बसले होते. फक्त सगळे उलटे, डोकं खाली.

"रफिक!" अण्णांचा आवाज चिरकला. "हे काय केलंस? खालचा भाग कोरा दाखवला होता की न्हाई मी?"

रफिकभाई गोंधळला. "अण्णा, एक सिरा भरा, एक सिरा खाली, ऐसी चादर कोन बनाता? मेरेकू लगा तुम आधाच ग्राफ निकाले, बाकी मैं समझ लेना बोलके. आधे में कार्डां उल्टे चलाया, दुसरा सिरा बी भर गया. हमेशा ऐसाच करते ना? आपीच सिखाए थे, चादर का सिरा खाली नक्को छोडना, ओढनेवाला कौनसी बाजू खींचता क्या मालूम."

अण्णांनी खालचं टोक उचलून बघितलं. रागावणार कुणावर? चाळीस वर्षं प्रत्येक कारागिराला त्यांनी हेच बजावलं होतं. चादरीची दोन्ही तोंडं सारखी असली पाहिजेत.

रेणुका खाली बसली. तिला या आठ ओळींचा अर्थ कधीपासून ठाऊक होता कोण जाणे, पण तिनं नेमकं मधल्या सातावर बोट ठेवलं आणि वडिलांशी तेलुगूत बोलली. त्यांच्या शेजारात राहून मला तेवढं कळायला लागलंय. "हे तुम्ही ना, नान्ना? एकटे?"

अण्णांनी मान डोलावली.

"आणि ह्याच्या पुढचे, वाढत जाणारे?"

"ते उलटे हायेत. वाचता येत न्हाईत," अण्णा मराठीतच पुटपुटले.

"काका, धरा," ती मला म्हणाली. आम्ही चादर टोकाकडून उचलून पालथी घातली. सोलापुरी चादर दोन्ही अंगांनी दिसते, तिला सुलटी-उलटी बाजू नसते. मघाशी खाली उलटे पडलेले आठ अंक आता वरच्या टोकाला सरळ उभे होते.

"आता वाचा."

अण्णांनी वाचायला सुरुवात केली. "सात कोटी एकोणचाळीस लाख..." त्यांनी लुंगीचं टोक उचलून डोळे पुसले. रफिकभाई घाबरून म्हणाला, "अण्णा, दुसरी बनाके देता मैं."

"नको," अण्णा म्हणाले. "काठ सरळ आलाय. राहू दे."

रेणुकेनं ती चादर घडी करून अण्णांच्या खाटेवर ठेवली. अकलूजला न्यायची नाही, आम्ही दोघं येऊ तेव्हा इथेच पांघरू, असं तिनं सांगून टाकलं. अण्णांनी लग्नात पाच भाकरी खाल्ल्या. निरोपाच्या वेळी ते बसच्या नंबरकडे बघत होते, मुलीकडे नाही. नंबर सम होता. पेन्सिल कानावरच राहिली.

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. ही मंगळवेढ्याला बहिणीकडे गेली होती, म्हणून पिशवी घेऊन मी महादेवीच्या गाडीवर उभा होतो. अण्णा आले. पेन्सिल कानावर होती. महादेवीनं सवयीनं सात वांगी मोजली.

"बारा घाल," अण्णा म्हणाले.

महादेवीचा हात तसाच राहिला. "बारा? अण्णा, तब्येत बरी हाय नव्हं?"

"बरी हाय की. अकलूजची गाडी दुपारी येतीय. पोरगी, जावई आणि मी. तिघांत सारखा भाग गेला पाहिजे." मग ते माझ्याकडे वळले. माझ्या रिकाम्या पिशवीकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मनातल्या मनात काही तरी भागून घेतलं. "तुमीबी एकटेच दिसताय, सर. या जेवायला. बाराला चारानंबी भाग जातो."

मी गेलो. माझ्या वाट्याला तीन वांगी आली.